समन्सला किती, ताब्याला किती

"बेलिफाला किती द्यावे लागतील?" हा प्रश्न पक्षकार वकिलाला नेहमी आवाज खाली आणून विचारतो. उत्तर मात्र कोर्टाच्या व्हरांड्यात मोठ्याने सांगण्यासारखं आहे. त्याच्या हातात काहीही द्यायचं नाही. बेलिफ न्यायालयाचा पगारी कर्मचारी आहे. तुम्ही भरता ती प्रोसेस फी कोर्ट फी स्टँपाच्या रूपाने कागदावर लागते, किंवा कोर्टाचा पैशांचा कारभार पाहणाऱ्या नाझराकडे पावती घेऊन जमा होते. समन्स बजावलं म्हणून पक्षकाराने बेलिफाला वेगळं काही द्यावं अशी तरतूद कुठल्याच नियमात नाही.

तरीही समन्स, नोटिसा, ताबा, जप्ती यांच्या पायी लोकांचे हजारो रुपये जातात, हेही खरं. ते कुठे जातात आणि कुठे वाचवता येतात, याचा हा हिशेब. मालवणचं दिवाणी न्यायालय डोळ्यांसमोर ठेवून तो मांडला आहे. पण १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, वेंगुर्ला, देवगड सगळीकडे तीच आहे.

आधी एक घोळ दूर करू. कोर्टाच्या दारात उभा राहून नाव पुकारतो तो शिपाई. बेलिफ नाझराच्या हाताखाली काम करतो आणि कोर्ट भरलेलं असतं तेव्हा तो बहुधा कुठल्यातरी वाडीत घर शोधत असतो. फौजदारी खटल्यातली समन्सं सहसा पोलीस घेऊन येतात. त्यांचा या हिशेबाशी संबंध नाही.

दावा लावताना

प्रोसेस फीचे दर उच्च न्यायालयाच्या नियमांनी ठरतात आणि फी माणसागणिक लागते. एका माणसाची फी इतकी किरकोळ असते की तिच्यावरून कोणी कोर्टाची पायरी चढायचं थांबत नाही. खर्च वाढतो तो माणसं वाढली की. आणि आपल्याकडे माणसं वाढतातच. पणजोबाच्या नावावरचं घर, सात-बाराला चुलत्यांची नावं, त्यांच्या मुली लग्न होऊन रत्नागिरीपासून बेळगावपर्यंत पांगलेल्या. वाटपाच्या दाव्यात ३०-४० प्रतिवादी ही कोकणात नवलाची गोष्ट नाही.

प्रत्येक समन्साबरोबर दाव्याची नक्कल द्यावी लागते. दावा २० पानांचा आणि प्रतिवादी ४० असतील तर ८०० पानं होतात. पानाला २ रुपये धरले तरी १,६०० रुपये झेरॉक्सवाल्याचे. यादीतले कागद आणि फोटो पुन्हा वेगळे. म्हणून दावा लिहितानाच वकिलाला सांगा, की जे आठ पानांत मावतं त्याला वीस पानं लागू देऊ नका. लांब दाव्याने न्यायाधीशांचं मत बदलल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही.

समन्स काढायचा हुकूम झाल्यापासून सात दिवसांत नकला आणि फी भरायची असते. ही मुदत बरेच जण हसण्यावारी नेतात. फी न भरल्यामुळे समन्स बजावलं गेलं नाही तर दावा त्याच कारणावर काढून टाकता येतो. समन्स बजावणी न होता परत आलं आणि परत आल्यापासून सात दिवसांत नव्या समन्सासाठी अर्ज केला नाही, तरी तेच होऊ शकतं. काही रुपयांच्या स्टँपापायी दावा निघाला, तर तो पुन्हा बोर्डावर आणण्याचा खर्च त्या फीच्या कितीतरी पट होतो.

बेलिफाबरोबर टपालानेही समन्स पाठवता येतं. कोर्टाने मान्य केलेल्या कुरियरने आणि ई-मेलनेही चालतं. हा खर्च वादीचा. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं आणि दर बदलले. ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट स्थानिक हद्दीत १९ रुपये, देशात इतर कुठेही ४७ रुपये. नोंदणीचे ५ रुपये जादा आणि वर १८ टक्के जीएसटी. दाव्याची जाड नक्कल ५० ग्रॅमात बसत नाही, पुढच्या टप्प्यात जाते. मालवणहून मुंबईला एका पाकिटाचे ऐंशी-पंच्याऐंशी रुपये धरून चाला. चाळीस पाकिटांचे साधारण सव्वातीन ते साडेतीन हजार होतात. पण हे पैसे वाया जात नाहीत. पाकीट घ्यायला नकार दिल्याचा शेरा टपालवाल्याकडून आला, तर कोर्ट समन्स बजावलं असं धरू शकतं. पत्ता बरोबर असून तीस दिवसांत पोच आलीच नाही, तरीही कोर्टाला तसं ठरवता येतं.

आणखी एक वाट आहे. कोर्टाकडे अर्ज करून समन्स स्वतःच्या हाती घ्यायचं आणि स्वतः जाऊन बजावायचं. प्रतिवादी शेजारच्या गावात असेल, सही करण्याइतकं बोलणं शिल्लक असेल, तर यासारखी स्वस्त सोय नाही. भावाभावांच्या भांडणात मात्र या वाटेला जाऊ नका. समन्स राहतं बाजूला आणि अंगणात दुसराच दावा उभा राहतो.

पत्त्यावर खर्च करा

बेलिफाची फेरी फुकट जाते ती बहुतेक वेळा पत्त्यामुळे. दाव्यात लिहिलेलं असतं: अमुक अमुक, राहणार मसुरे, तालुका मालवण. मसुरे म्हणजे एक आळी नव्हे. देऊळवाडा, मर्डे, आंगणेवाडी, सगळं मसुऱ्यातच. आंगणेवाडीत आंगण्यांचीच वस्ती, तिथे आडनावावरून माणूस शोधायचा कसा? शेवटी कुणीतरी गडग्यापलीकडून ओरडतं, "तो हय रवणा नाय, मुंबयक असता," आणि कागद तसाच शेरा घेऊन परत येतो. त्या एका शेऱ्याची किंमत तुम्हाला पुढची तारीख, नवी फी, नवी नक्कल आणि मधल्या दीड-दोन महिन्यांनी मोजावी लागते.

म्हणून पत्त्यात वाडी घाला, ग्रामपंचायतीचा घर क्रमांक घाला, वडिलांचं नाव घाला आणि गावात ज्या नावाने ओळखतात ते नावही घाला. जवळचं देऊळ, शाळा किंवा दुकान लिहायला लाजू नका. फोन नंबर माहीत असेल तर तोही. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांच्या आड घरं आहेत, तिथे "वायंगणातलं तिसरं घर" असल्या खुणांचा उपयोग फक्त गावकऱ्याला होतो.

जमिनीचा दावा असेल तर डिजिटल सही असलेला सात-बारा काढा. १५ रुपयांत मिळतो. त्यावरची किती माणसं हयात आहेत हे गावात जाऊन विचारा. मेलेल्या माणसावर दावा लावून त्याच्या नावाचं समन्स काढणारे वादी आजही भेटतात. वारस आणायला पुन्हा अर्ज, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा सगळ्या नकला.

घर दाखवायला माणूस देणं यात गैर काही नाही. किंबहुना बेलिफाने कुणाच्या ओळखीवरून घर शोधलं, त्याचं नाव-पत्ता अहवालात लिहावं, असं संहिताच सांगते. मात्र हा माणूस शक्यतो त्याच वाडीतला, तुमच्याशी नातं नसलेला असावा. उद्या प्रतिवादीने बजावणीच नाकारली तर त्याची साक्ष उपयोगाला येते. तुमच्या मेहुण्याची येत नाही. बेलिफाला स्वतःच्या गाडीत बसवून नेण्याची हौसही आवरा. समोरचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच विचारतो.

आचरा आणि चिंदर या गावांसाठी एक खास सूचना. आचऱ्याची गावपळण दर तीन-चार वर्षांनी येते. तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव वेशीबाहेर राहुट्या करून राहतो. चिंदरलाही ही प्रथा आहे. आचऱ्याच्या तारखा रामेश्वराच्या देवळातून आधी कळतात. तुमचा कागद त्याच दिवसांत निघत असेल तर नाझराला सांगून ठेवा. प्रतिवादी पळाला असं समजून कागद परत यायला नको.

प्रतिवादी मुंबईत

सिंधुदुर्गातल्या दिवाणी दाव्यांची अर्धी कूर्मगती या एका गोष्टीत आहे. घर मालवणात, माणूस मुंबईत. मालवणच्या बेलिफाला लालबागच्या चाळीत जाता येत नाही. समन्स त्या हद्दीतल्या कोर्टाकडे जातं. जुन्या मुंबई शहराच्या हद्दीत असेल तर लघुवाद न्यायालयाकडे, डोंबिवलीचा पत्ता असेल तर कल्याणला, नालासोपाऱ्याचा असेल तर वसईला. तिथला बेलिफ तिथल्या सवडीने जातो आणि अहवाल मालवणला परत येतो. पुढची तारीख घेताना हा फेरा धरूनच घ्या. पंधरा दिवसांची तारीख मागणं म्हणजे एक तारीख फुकट घालवणं.

गावातल्या बंद घराच्या दारावर समन्स डकवून काम उरकायचा मोह होतो. तो टाळा. माणूस शोधूनही सापडत नाही, वाजवी वेळेत सापडण्याची शक्यता नाही आणि त्याच्या वतीने घेणारं कोणी नाही, तेव्हाच बंद दारावर डकवण्याची मुभा आहे. तेही तो ज्या घरात खरोखर राहतो किंवा धंदा करतो त्या घरावर. वीस वर्षं मुंबईत राहणाऱ्याच्या गावच्या दारावर कागद लावून एकतर्फी हुकूमनामा मिळवाल. पुढे त्याला कळलं की कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज टाकेल आणि बहुधा जिंकेलही. तुमचा सगळा खर्च पाण्यात.

घरात माणूस नसेल पण कुटुंबातली सज्ञान व्यक्ती असेल, पुरुष वा स्त्री, तर तिच्याकडे समन्स देता येतं. नोकराकडे दिलेलं चालत नाही. बागेची राखण करणारा गडी, चाव्या सांभाळणारा शेजारी हे कुटुंबीय नव्हेत.

व्यवहारातला उपाय पंचांगात आहे. गणेशचतुर्थीला मुंबईकर घरी येतो. आंगणेवाडीच्या भराडीच्या जत्रेला येतो. तारीख अशी मागा आणि फी अशी वेळेत भरा की त्या आठवड्यात कागद बेलिफाच्या हातात असेल. सुट्टीचा दिवस सोडून बेलिफ आरतीच्या वेळेआधी गेला तर माणूस हमखास सापडतो. हे कोणाला कोतेपणाचं वाटेल. पण सहा महिने मुंबई-मालवण कागद फिरवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना स्वस्त पडतं.

कशानेच जमलं नाही तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स. त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते आणि प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणारं दैनिक निवडावं लागतं. जाहिरातीचा दर सेंटिमीटरवर चालतो आणि बिल हजारांत जातं. मजकूर वकिलाकडून नेटका करून घ्या आणि दोन दैनिकांचे दर आधी विचारा. बजावणीच्या टप्प्यातला हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा कागद आहे.

हुकूमनामा मिळाल्यावर

निकाल लागला की पेढे वाटतात. बेलिफाचं अवघड काम तिथून पुढे सुरू होतं. हुकूमनामा अमलात आणायला दरखास्त दाखल करावी लागते. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२५ मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असं त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलं होतं. त्या निकालाचा उल्लेख अर्जात जरूर करा. तारखा थोड्या जवळ येतात.

दरखास्तीची मुदत साधारण बारा वर्षं. बांधकाम पाडा, वाट मोकळी करा अशा आज्ञार्थी हुकूमनाम्याला तीनच वर्षं. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेली तर समोरच्याला आधी नोटीस काढावी लागते, म्हणजे आणखी एक फी, आणखी एक फेरा. निकालानंतर "बघू या, तो स्वतः देईल" म्हणत बसण्याची किंमत ही अशी.

एक मोठा गैरसमज इथे मिटवायला हवा. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा बेलिफ अमलात आणत नाही. शेतसारा आकारलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे महसूल आणि भूमी अभिलेख खात्याकडून होतं. तिथे खर्च मोजणीचा. १ डिसेंबर २०२४ पासून ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंतची नियमित मोजणी २,००० रुपये, द्रुतगती ८,००० रुपये. घाई नसेल तर द्रुतगतीला जाऊ नका. पावसाळ्यात भातखाचरात साखळी ओढता येत नाही, पैसे कितीही भरलेत तरी.

घराच्या, दुकानाच्या, परड्याच्या ताब्याला मात्र बेलिफ येतो. वॉरंटाची फी पुन्हा किरकोळ. खरा खर्च त्या एका दिवसाचा. सामान हलवायला गडी, ते न्यायला टेम्पो, कुलूप तोडावं लागलं तर लोहार किंवा चावीवाला, नवं कुलूप, आणि दोन पंच. सगळी व्यवस्था दरखास्तदाराची. गड्याला दिवसाचे ७०० रुपये धरले, चार गडी आणि अर्ध्या दिवसाचा टेम्पो, तर पाच-सहा हजारांची तयारी ठेवा. पंच गावातले असावेत, पण भाऊबंद नकोत. पंच मिळत नाहीत हे बेलिफांचं जुनं दुखणं आहे. कुणालाच शेजाऱ्याशी वाकडं घ्यायचं नसतं. निघायच्या आदल्या दिवशी दोघांना सांगून ठेवलंत आणि दोघेही सकाळी "देवाक गेलंय" म्हणून गायब झाले, तर वॉरंट तसंच परत जातं. चार जणांना सांगा, दोन येतील.

चतुःसीमा आधीच तपासा. वॉरंटात "पूर्वेस व्हाळ, पश्चिमेस गडगा" लिहिलेलं असतं आणि मधल्या दहा वर्षांत गडगा सरकलेला असतो, व्हाळावर साकव झालेला असतो. जागेवर वाद उभा राहिला की बेलिफ ठरवू शकत नाही कोणाचं खरं. तो तसा अहवाल करून परत फिरतो आणि तसं करणंच त्याचं काम आहे. तिथे त्याच्यावर चिडून उपयोग नाही. हुकूमनाम्याबरोबर नकाशा जोडलेला असेल तर निम्मे वाद टळतात. म्हणून दाव्यातच मोजणीचा नकाशा आणा.

अडवणूक होणार हे दिसत असेल तर पोलीस बंदोबस्ताचा अर्ज आधी कोर्टात करा. बंदोबस्ताचं शुल्क पोलिसांकडे भरावं लागतं. किती माणसं, किती तास यावर ते ठरतं. बेलिफ जागेवर गेल्यानंतर भांडण झालं आणि मग बंदोबस्त मागितला, तर गडी-टेम्पोचा पहिला दिवस बुडाला. कुणी वाट अडवलीच तर त्याच्याविरुद्ध त्याच दरखास्तीत अर्ज करता येतो, नवा दावा लावायला नको.

घरात भाडेकरू कायदेशीर असेल तर त्याला बाहेर काढता येत नाही. तिथे वॉरंटाची नक्कल ठळक जागी लावून आणि दवंडी पिटून कागदोपत्री ताबा दिला जातो. दवंडीवाल्याचे पैसेही दरखास्तदाराचेच. ढोल वाजवणारा मिळणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, तेव्हा तोही आधी ठरवा.

जप्तीचं गणित

पैशाचा हुकूमनामा असेल तर जप्तीचं वॉरंट. इथे भावनेपेक्षा कागद पाहावा. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि तो राहतो ते घर, मजुराची मजुरी, पेन्शन, यांना हात लावता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. त्यामुळे "टीव्ही, कपाट, फ्रिज उचलून आणा" या हट्टापायी जाणारा टेम्पो बरेचदा रिकामा परत येतो. आणि जुना फ्रिज लिलावात टेम्पोच्या भाड्याइतकाही जात नाही.

पगारदार माणूस असेल तर पगाराची जप्ती हाच शहाणपणाचा मार्ग. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. पगार ३०,००० असेल तर २९,००० चा एक तृतीयांश, म्हणजे साधारण ९,६६६ रुपये महिन्याला मिळू शकतात. तेही एका हुकूमनाम्यापायी एकूण चोवीस महिने. बेलिफाने एकदा कार्यालयात आदेश पोहोचवला की पुढची कपात कार्यालयच करतं. एवढ्या कमी खर्चात एवढी वसुली दुसऱ्या कुठल्या मार्गाने होत नाही.

किनाऱ्यावर होडी जप्त करण्याचा विचार येतो. करता येते, पण जप्त वस्तू सांभाळण्याचा खर्च आधी जप्ती मागणाऱ्यालाच भरावा लागतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, शाकारलेल्या असतात. त्या काळात जप्त केलेली होडी दोन महिने राखायची म्हणजे राखणदार आला, पगार आला. नाशवंत माल असेल, मासळी किंवा आंब्याच्या पेट्या, तर तो लगेच विकण्याची मुभा कायद्यात आहे. मात्र हापूस मार्चमध्ये पाहून जप्तीचा अर्ज केला आणि वॉरंट जूनमध्ये निघालं, तर जप्त करायला उरते ती फक्त बागेतली पाचोळ.

सरकारी खात्याविरुद्ध हुकूमनामा असेल, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा वगैरे, तर हुकूमनाम्यानंतर तीन महिने थांबावं लागतं. त्यानंतर साहेबांची खुर्ची आणि संगणक उचलायला बेलिफ दारात उभा राहिल्याची बातमी महाराष्ट्रात अधूनमधून छापून येते. खुर्चीला फारशी किंमत नसते. पण बेलिफ खुर्चीला हात लावेपर्यंत चेक निघतो, असा अनुभव आहे. म्हणून हा किरकोळ खर्च वसूल होतो.

अटक वॉरंटाचा हट्ट धरणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक होत नाही. २,००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कोणालाच दिवाणी कैद नाही. ५,००० पर्यंत फार तर सहा आठवडे, त्यावर फार तर तीन महिने. ऐपत असून देत नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. आणि तो आत असेपर्यंत त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता तुम्ही आगाऊ भरायचा. पैसे बुडवणाऱ्याला स्वखर्चाने पोसण्याची हौस असेल तरच या मार्गाने जा.

या सगळ्याच्या पावत्या एका फाइलीत ठेवा. स्टँप, टपाल, जाहिरात, भत्ता, बंदोबस्त. कोर्टाने मान्य केलेला दरखास्तीचा खर्च समोरच्याकडून वसूल होतो. पावती नसलेला होत नाही. बजावणी कुठवर आली हे पाहायला कोर्टात हेलपाटा घालायची गरज नाही. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्टच्या ॲपवर टाकला की तारीख आणि टप्पा फुकट दिसतो.

समन्स तुमच्या दारात आलं तर

घ्या आणि सही करा. सही म्हणजे कबुली नव्हे, फक्त पोच. नाकारलंत तर बेलिफ नक्कल दारावर लावतो, तसा अहवाल देतो आणि घड्याळ सुरू होतं. कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस, कोर्टाने वाढवले तर नव्वद. घ्यायला शून्य रुपये लागतात. न घेतल्याने एकतर्फी झालेला निकाल उठवायला वकिलाची फी, अर्ज आणि कोर्ट लावेल तो खर्च. बेलिफाला धक्काबुक्की केली तर प्रकरण दिवाणी राहत नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास भारतीय न्याय संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

बेलिफ व्हायचं असेल तर

काही पालक हाही खर्च विचारतात. जिल्हा न्यायालयांच्या भरतीत बेलिफाची जागा सहसा थेट निघत नाही. तिथवर खालच्या पदावरून बढतीने पोहोचतात. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात आली होती. त्यात लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल एवढीच पदं होती. शिपायाला किमान सातवी उत्तीर्ण, वेतनश्रेणी १५,००० ते ४७,६००. लिपिकाला १९,९०० ते ६३,२००. अर्जाचं शुल्क सोडून कोणी "आत ओळख आहे" म्हणून पैसे मागितले तर तो दलाल आहे, एवढं पक्कं समजा. नोकरी लागलीच तर दुचाकी, रेनकोट, टॉर्च आणि वाडीवाडीतल्या कुत्र्यांशी जुळवून घेण्याची तयारी, हे सगळं स्वतःचं.

लाच आणि मोफत मदत

बजावणीसाठी कोणी हातात पैसे मागितले तर देऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

आणि हा सगळा खर्च झेपत नसेल तर तो तुम्ही करायची गरजच नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता, आणि वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या कोणालाही विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, प्रोसेस फी आणि नकलांचा खर्चही प्राधिकरण उचलतं. घर, पोटगी, मालमत्ता यांच्या वादात स्त्रियांना १९९४ पासून महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. जिल्ह्याचं कार्यालय ओरोसला जिल्हा न्यायालयात आहे, तालुक्याची समिती तुमच्याच कोर्टात. दावा लावण्याआधी तिथे अर्ज द्या किंवा १५१०० ला फोन करा.